सुपातली मिनिटं

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास संघपालनं जगातल्या तमाम मिनिटांचा निकाल लावला आणि तो समाधानानं जेवायला बसला. ताटात मुगाची भाजी, भाकरी आणि ठेचा होता. पोळा तीन दिवसांवर आला होता, बाहेर ढग होते आणि घरात लाइट होती. माणसाला आणखी काय हवं असतं?

संघपाल पुण्यातल्या एका कंपनीचं काम धामणगाव बढ्यातल्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत बसून करायचा. काम नेमकं काय, हे त्यानं गावात बऱ्याच जणांना सांगून पाहिलं होतं. मोठ्या कंपन्यांकडे कोट्यवधी नोंदींच्या याद्या असतात आणि प्रत्येक नोंदीवर वेळ असते, अगदी सेकंदापर्यंत. कुणी विचारलं की नऊच्या तासात किती नोंदी झाल्या, तर नऊ-पाच, नऊ-तीस, नऊ-पंचावन्न या सगळ्यांची मिनिटं छाटून आधी नुसते नऊ करावे लागतात आणि मग मोजावे लागतात. ही छाटणी भराभर व्हावी, एवढंच त्याचं काम. ऐकणारा समजल्यासारखी मान डोलवायचा आणि शेवटी विचारायचा, नोकरी पर्मनंट आहे ना?

आजवर यंत्र काय करायचं, तर आधी सगळ्या यादीची नक्कल काढायचं, नकलेतली मिनिटं छाटायचं आणि मूळ यादीला हात लावायचं नाही. यात वेळ जायचा आणि जागाही जायची. उपाय सापडला तो घरच्याच ओट्यावर. सोमवारी त्याची आई, कलाबाई, नवे मूग पाखडत बसली होती. सूप एकच. त्यातच दाणे, त्यातच फोल. हात हलला की फोल उडायचा आणि दाणे जागच्या जागी राहायचे. दुसरं भांडं लागतच नव्हतं. संघपाल दहा मिनिटं त्या सुपाकडे टक लावून बघत राहिला आणि एकदम उठून आत पळाला. पोराचं पोट बिघडलं असेल असं वाटून कलाबाईनं जिऱ्याचं पाणी उकळायला ठेवलं.

मंगळवारी त्याचं यंत्र नक्कल न काढता मूळ यादीतच मिनिटं छाटायला लागलं. वेळ निम्म्यावर आला. पुण्याहून त्याची वरिष्ठ मंजुश्री फोनवर म्हणाली की काम उत्तम झालंय, शुक्रवारी सगळ्या ग्राहकांना देऊन टाकू. कौतुकाच्या बाबतीत ती हात आखडून असायची, म्हणून संघपाल जास्तच फुगला. आता एक गोष्ट त्यानं तिला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे हे त्याच्याच लक्षात आलं नव्हतं. पहिला प्रयोग त्यानं आईच्या यादीवर केला होता.

कलाबाई चौतीस वर्षं नर्स होती. आसपासच्या खेड्यांमधली सहाशे बारा बाळं तिच्या उपकेंद्रात जन्माला आली. सरकारी रजिस्टर सरकारकडे गेलं, पण तिची स्वतःची एक वही होती. त्यात आईचं नाव, बाळाची खूण, तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ. उपकेंद्रातलं घड्याळ ती रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांना लावून घ्यायची. बाई एकेक मिनिट मोजून कळा सोसते, मग लिहिणाऱ्यानं ते मिनिट गोल का करावं, असं तिचं म्हणणं होतं. मागच्या दिवाळीत संघपालनं सगळी वही लॅपटॉपमध्ये उतरवली आणि गावासाठी एक पान तयार केलं. मोबाइलवर नाव टाकलं की जन्मवेळ समोर यायची. गावाला त्याचं चार दिवस कौतुक वाटलं. कलाबाईला अजून वाटत होतं.

ते पान आणि संघपालचा प्रयोग, दोघांनी एकच यादी धरली होती. नक्कल निघत होती तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. शिवाय ते पान दर तासाला यादी जशी असेल तशी जपून ठेवायचं आणि आधीची जपलेली पुसून टाकायचं. जागा वाचावी म्हणून ही हुशारीही संघपालचीच. बाराच्या ठोक्याला पानानं इमानेइतबारे आपलं काम केलं. तेव्हा संघपाल दुसरी भाकरी मागत होता.

पहिला तडाखा बसला तो भागवत आणि हरिओम या जुळ्या भावांच्या घरात. मागच्या गल्लीतल्या जयमालाबाईंची ही पोरं. संघपाल आणि हे दोघे एकाच दिवशी, एकाच उपकेंद्रात जन्मले आणि पुढे एकाच बाकावर बसून एकाच मास्तरांचा मार खाऊन मोठे झाले. भागवत नऊ वाजून वीस मिनिटांचा, हरिओम नऊ एक्केचाळीसचा. संघपाल ठोक्याला अकराचा, आणि याचा त्याला फार अभिमान होता. वक्तशीरपणा आपल्या जन्मातच आहे, असं तो मुलाखतीतसुद्धा सांगून आला होता.

त्या एकवीस मिनिटांवर भागवत एकतीस वर्षं थोरला होता. दसऱ्याला हरिओम त्याच्या पाया पडायचा. भावकीच्या बैठकीत भागवत सतरंजीवर बसायचा आणि हरिओम दाराशी. सगळ्यात मोठी गोष्ट पोळ्याची. ट्रॅक्टर आल्यापासून घरात सोन्या आणि पाखऱ्या ही एकच बैलजोडी उरली होती, आणि पोळ्याला तिचा कासरा धरून तोरणाखालून जाण्याचा मान थोरल्याचा. हरिओम मागून पाण्याची बादली घेऊन चालायचा. कळता झाल्यापासून दर पोळ्याला त्यानं सोन्या-पाखऱ्याच्या आणि त्यांच्या आधीच्या बैलांच्या शेपट्याच बघितल्या होत्या.

बुधवारी हरिओम पानठेल्यावर उभा होता. तिथं कुणीतरी मोबाइलवर आपली जन्मवेळ काढत होतं, म्हणून त्यानंही काढली. नऊ. मग भागवतची काढली. तीही नऊ. तो पान न खाताच घरी गेला. घरी भागवतनं नेहमीसारखी बैलांना पाणी दाखवायची ऑर्डर सोडली.

"तूच दाखव," हरिओम खाटेवरून न उठता म्हणाला. "आपन दोघं नऊचे हाओत. सिस्टरबाईच्या यादीत हाये."

भागवतचा विश्वास बसेना. त्यानं स्वतः पाहिलं, मोबाइल बदलून पाहिलं, आणि शेवटी आईला विचारलं. जयमालाबाई म्हणाल्या की त्या वेळी मला शुद्ध कुठं होती, सिस्टरबाईनं जो आधी सांगितला तो आधी. म्हणजे सगळी भिस्त कलाबाईच्या वहीवर. भागवत तडक संघपालकडे आला. तो रागावला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"संघपाल, मी शेतीपायी शाळा सोडली ते थोरला म्हून," तो म्हणाला. "याले आयटीआयले धाडलं ते थोरला म्हून. आता हा म्हन्ते तू थोरलाच नाही. मंग मी हे काऊन केलं बे?"

संघपालनं लॅपटॉप उघडला. सहाशे बाराच्या सहाशे बारा बाळं ठोक्याला जन्मली होती. पाच, नऊ, दहा, बारा. मिनिट म्हणून औषधालाही कुठं उरलं नव्हतं. काय झालं ते त्याला क्षणात कळलं. आधीची यादी शोधू गेला तर ती पुसलेली. वेगळी प्रत जपून ठेवावी, हे ज्ञान तो वर्षभर दुसऱ्यांना शिकवत होता.

भागवतला त्यानं उद्यापर्यंत दुरुस्त करतो म्हणून वाटेला लावलं. वही घरातच होती. बसून पुन्हा उतरवायची, प्रश्न एका दिवसाचा होता. आईला न कळता काम उरकलं तर उत्तमच. त्यानं आधी पेटी पाहिली, मग कपाट, मग माळा. गुरुवारी सकाळी हरभऱ्याच्या कोठीत हात घालून शोधत असताना कलाबाईनं त्याला पकडलं.

वही कुठं आहे असं त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. कलाबाईनं तितक्याच सहजपणे स्वयंपाकघराकडे बोट केलं. फळ्यांवरच्या डब्यांखाली जे कागद अंथरले होते, ती वही होती.

"कडेकडेनं उदई लागली होती," ती वाळवीनं खाल्लेली कड दाखवत म्हणाली. "म्हटलं पोरानं कंपुटरात टाकलंच हाये. तिथं ना उदई, ना पानी. कोऱ्या कागदाले पैसे काऊन घालू?"

तिनं चौतीस वर्षांची वही डब्यांखाली अंथरली होती, ती केवळ त्याच्यावर विसंबून. त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं: सूप, नक्कल, छाटणी, बाराचा ठोका. कलाबाई पदर खोचून ऐकत राहिली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मिनिटं सगळी गेली?"

"सगळी."

"मायं पाहूनच केलं म्हन्तं ना? मंग नीट पाह्यलं नाही तू," ती म्हणाली. "सुपात आपले एकट्याचे दाने असले तर खुशाल पाखडाव. शेजारनीचे मिसळेल असले तर तिले इचारल्याबिगर हात लावू नाही. उडालं ते कोन येचून आनते?"

एवढं बोलून तिनं वरच्या फळीवरचा तिखटाचा डबा उतरवला, त्याखालचा कागद उचलून फुंकर मारली आणि चष्मा मागितला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, घरात पुरणाची डाळ शिजायची वेळ, आणि मायलेक डबे उतरवत बसले. बातमी बाहेर पडायला तासही लागला नाही. सिस्टरबाईच्या फळीवर आपलं मिनिट आहे असं कळल्यावर बायाबापड्या येऊ लागल्या. कुणी शेंगदाण्याचा डबा धरला, कुणी गुळाचा. एका आजीबाईंना मुलाची वेळ सापडली, पण नातवाची साबुदाण्याखाली होती, म्हणून त्या साबुदाणा निवडत थांबल्या. दुपारपर्यंत कलाबाईचं अख्खं स्वयंपाकघर ओट्यावर आलं. संघपाल मांडीवर लॅपटॉप घेऊन मिनिटं टाकत होता आणि समोर जिऱ्या-मोहरीचा वास येत होता.

तेवढ्यात शंकरराव आले आणि त्यांनी संघपालला बाजूला घेतलं. त्यांची अडचण उलटी होती. त्यांच्या मुलीच्या, कोकिळाच्या, पत्रिकेत मंगळ होता. बुधवारी मुलाकडच्या पाहुण्यांनी वेळ मागितली तेव्हा त्यांनी यादीतली सहाची वेळ कळवली, आणि मेहकरच्या ज्योतिषानं मंगळ नाही असं सांगितलं. पाहुणे खूश, शंकरराव खूश. तेव्हा बाकीच्यांची मिनिटं खुशाल परत करा, एवढं कोकिळाचं राहू द्या, अशी त्यांची विनंती होती.

कलाबाईचे कान तिखट होते. पत्रिकेवर तिचा आधीपासूनच विश्वास नव्हता, पण मिनिटावर होता.

"सहा एक्कावन," ती डबा पुसत म्हणाली. "कोकिळाच्या मायनं सहानंतर ती एक्कावन मिनिटं मायं मनगट धरून काढली, शंकरराव. ती मी कशी सोडू? मंगळाचं तुमी पाहा."

शंकरराव खजील होऊन गेले. त्यांनी ज्योतिषाला खरी वेळ कळवली, आणि तासाभरानं त्याचा निरोप आला की मंगळ तरीही नाही. यावरून ज्योतिषानं पंचांग पहिल्यांदा उघडलं होतं की दुसऱ्यांदा, की एकदाही नाही, याचा विचार शंकररावांनी केला नाही. मुलीच्या बापानं सगळेच विचार करायचे नसतात.

संध्याकाळी चारच्या सुमारास हिशोब असा होता: पाचशे चौऱ्याहत्तर नोंदी सापडल्या, अडतीस नोंदींवर तेलाच्या डब्यांनी गोल काढले होते. नावं दिसत होती, वेळ विरघळली होती. पण त्यातल्या छत्तीस जणांच्या वेळा कलाबाईनं डोळे मिटून सांगितल्या. कुणाच्या वेळी लाइट गेली होती, कुणाच्या वेळी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, कुणाचा बाप घाबरून उलट्या दिशेनं पळाला होता. एकही मिनिट अडखळलं नाही. लोक तोंडात बोट घालून बघत राहिले, आणि संघपालला आपल्या आईचा इतका अभिमान वाटला की तो टाइप करायचं विसरला.

राहिल्या दोन नोंदी, आणि त्यांचे मालक सकाळपासून दारात दोन बाजूंना उभे होते. भागवतनं स्वतः तेलाचा डबा उचलला होता. खाली फक्त 'जयमाला, जुळे मुलगे' एवढं वाचता येत होतं.

"मावशे," हरिओम म्हणाला, "तू जे सांगशील ते मी मानतो. वीस कोनाचे?"

कलाबाईनं कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"वीस आन् एक्केचाळीस, एवढं पक्कं," ती म्हणाली. "पन वीस कोनाचे, ते मी नाही सांगू शकत."

संघपालनं चमकून मान वर केली. दिवाळीत त्यानं स्वतःच्या हातानं भागवतपुढे वीस लिहिले होते. तो बोलणार तेवढ्यात आईनं त्याच्याकडे पाहिलं, आणि ती नजर तो लहानपणापासून ओळखत होता. तो गप्प बसला. म्हातारी दोघांना सांभाळून घेतेय, असं त्याला वाटलं. भागवत डबा जागेवर ठेवून निघून गेला. हरिओमला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो भावाच्या पाठीकडे बघत राहिला आणि मग त्याच्या मागे पळाला.

रात्र व्हायच्या आत संघपालनं मंजुश्रीला फोन केला. उद्या काम देऊ नका, त्यात माझी चूक आहे, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. मग त्यानं आईचा नियम सांगितला. छाटण्याआधी यंत्रानं एवढंच विचारायचं, ही यादी आणखी कुणी धरली आहे का? आपण एकटेच असलो तर जागच्या जागी छाटायचं, नाहीतर मुकाट्यानं नक्कल काढायची. मंजुश्री म्हणाली की बहुतेक वेळा आपण एकटेच असतो, म्हणजे वेगही राहील. ही कल्पना कुणाची, असं तिनं विचारलं. संघपालनं खरं ते सांगितलं. उपकेंद्रातली नर्स आणि मुगाचं सूप यातलं तिला नेमकं किती कळलं कुणास ठाऊक, पण शुक्रवारची तारीख तिनं पुढे ढकलली.

पोळ्याच्या दिवशी मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. सोन्याचा कासरा भागवतच्या हातात होता आणि पाखऱ्याचा हरिओमच्या. ही तोड भागवतनंच काढली होती. मान अर्धा झाला तशी थोरलेपणाची बाकीची कामंही अर्धी झाली, हे हरिओमला सकाळी कळलं. थोरल्यानं तोरण तुटेपर्यंत काही खायचं नसतं. आजवर दर पोळ्याला हरिओम चार पुरणपोळ्या हाणून मगच बादली उचलत आला होता. तीन वाजेपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

"हे दरसाली करतं तू?" त्यानं भावाला हळूच विचारलं.

"एकवीस वर्सं झाले," भागवत म्हणाला.

बैलांना एका माणसाची सवय. दोन माणसं दोन बाजूंनी ओढायला लागल्यावर ते गोंधळले, जोडी तोरणाखाली आडवी झाली आणि पाखऱ्याच्या शिंगात तोरण अडकून तुटलं. लोक हसून बेजार झाले. घरी गेल्यावर हरिओम न सांगता भागवतच्या पाया पडला आणि मग सात पुरणपोळ्या जेवला. पुढच्या वर्षी कासरा तूच धर, बादली मी घेतो, असं त्यानं पाचव्या पोळीला जाहीर केलं. भागवत म्हणाला की ते पुढच्या वर्षी बघू, आणि त्यानं सहावी वाढली.

दिवेलागणीला संघपाल ओट्यावर आईजवळ येऊन बसला. ती उरलेले मूग पाखडत होती. जुळ्यांचं तू चांगलं सांभाळून घेतलंस, असं तो तिला म्हणाला. कलाबाईचा हात थांबला.

"सांभाळून काय घेतलं? खरंच ठाव नाही मले," ती म्हणाली. "त्या दिवशी मले पहाटपासून दुखत होतं. मी कोनाले बोलली नाही. पयला झाला, वीस लिहिले. दुसरा झाला, एक्केचाळीस लिहिले. पयल्याच्या मनगटाले बांधाले दोरा घेतला आन् अशी कळ आली का मी खालीच बसली. दोरा हातातच राह्यला. वच्छलाबाई दाई होती, तिनं तो कोनाले बांधला, तिलेच ठाव. जो जास्त रडत होता त्याले बांधला म्हने."

"म्हंजे भागवत थोरला..."

"रडत होता म्हून. एकतीस वर्सं माया जीवाले लागेल होतं ते. लोकायचे सहाशे अकरा लिहिले, त्यातले दोन अंदाजानं. तू मिनिटं उडवली आन् मले पयल्यांदा खरं बोलाले जागा भेटली."

मिनिटांचा घोळ संघपालनं मंगळवारी घातला असं सगळं गाव म्हणत होतं; प्रत्यक्षात तो त्यानं जन्मतानाच घालून ठेवला होता. त्यानं भागवत आणि हरिओमपुढचे नऊ तसेच राहू दिले आणि आईला गंमत म्हणून सांगितलं की छाटलेली आणि नव्यानं भरलेली यादी शेजारी लावून पाहिली, तर या दोघांशिवाय आणखी एकच नोंद अशी निघाली जी छाटूनही बदलली नव्हती. त्याची स्वतःची. तो ठोक्याला अकरा वाजता आला होता ना, त्याच्यातून छाटायला काही नव्हतंच.

"ठोक्याले?" कलाबाई हसायला लागली. सूप मांडीवर ठेवून, चष्मा काढून हसली. "अरे, अकराच्या पुढंमागं कव्हातरी झाला तू. वच्छलाबाईनं तुले मायाजवळ आनून ठेवलं. घड्याळ समोरच्या भिताडावर होतं."

"मंग पाह्यलं नाही?"

"तुले पाहू का घड्याळाले?" ती म्हणाली, आणि पुन्हा मूग पाखडायला लागली.